वाळूचं बेट आणि मर्यादवेल

मे महिन्याच्या सुट्टीत मी लेकीकडे सिडनीला गेले होते. लेक-जावयांनी आधीच चार रात्रींच्या क्रूझची तिकिटं काढून ठेवली होती. जहाज सिडनीहून निघतं, एक अख्खा दिवस समुद्रात चालतं, तिसऱ्या दिवशी सकाळी क्वीन्सलंड राज्यातल्या मॉर्टन बेटापाशी थांबतं आणि संध्याकाळी परत फिरतं. जहाजावरचं जेवण, खेळ, नाचगाणी यांबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. पण त्या सात-आठ तासांच्या थांब्यात भूगोल शिकवणाऱ्या बाईला एवढं काही मिळालं, की ते आपल्या शिक्षक मित्र-मैत्रिणींशी आणि पालकांशी बोलावंसं वाटलं.

जहाज बेटाला लागत नाही. तेवढा खोल धक्का तिथे नाही. जहाज लांब नांगरतात आणि त्याच्या अंगावरच टांगलेल्या लहान बोटी पाण्यात सोडून उतारूंना थोडे थोडे करून जेट्टीवर नेतात. मला आजीच्या गोष्टी आठवल्या. मुंबईहून कोकणात येणारी बोट बंदराबाहेर थांबायची आणि लोक ट्रंका-पोरांसकट पडावात उतरून किनाऱ्याला यायचे. इथे फक्त पडावाला इंजिन होतं आणि प्रत्येकाच्या हातात मोबाईल.

समोर दिसत होतं ते बेट सुमारे ३७ किलोमीटर लांब. त्याच्या ईशान्य टोकाला केप मॉर्टन नावाचा खडकाळ भाग आहे, तिथे १८५७ साली बांधलेलं क्वीन्सलंडचं पहिलं दीपगृह उभं आहे. खडक म्हणावा असा तेवढाच. बाकी सगळी वाळू. माउंट टेम्पेस्ट नावाचा तिथला डोंगरसुद्धा वाळूचाच, आणि उंची जवळजवळ २८० मीटर! पुण्याची पर्वती त्याच्यापुढे लहान वाटेल. रिसॉर्टचा भाग सोडला तर बेटावर डांबरी रस्ता नाही. वाळूतून चालणाऱ्या मोठ्या चाकांच्या गाड्याच तेवढ्या जातात.

नातीने उतरल्या उतरल्या वाकून मूठभर वाळू उचलली आणि विचारलं, "आजी, याच्या खाली काय आहे?"

"वाळू."

"आणि त्याच्या खाली?"

"वाळूच."

"मग हे बेट वाहून कसं जात नाही?"

सात वर्षांची मुलगी. निम्मं मराठी, निम्मं इंग्रजी. पण प्रश्न असा, की आठवीच्या वर्गात फळ्यावर लिहावा.

इथली वाळू मुळात इथली नाही. दक्षिणेकडे न्यू साउथ वेल्समधल्या डोंगरांची झीज होते, नद्या ती वाळू समुद्रात आणून टाकतात. तिथे लाटा बहुतेक वेळा आग्नेयेकडून, म्हणजे किनाऱ्याला तिरप्या येतात. लाट वर चढताना कणाला तिरकं ढकलते, उतरताना तो सरळ खाली येतो. असं करत करत प्रत्येक कण थोडा थोडा उत्तरेकडे सरकतो. हे लाखो वर्षं चाललं आहे. हिमयुगात समुद्राची पातळी खाली गेली, तेव्हा उघड्या पडलेल्या तळाची वाळू वाऱ्याने उडवून ढीग रचले. याच पद्धतीने मॉर्टन तयार झालं, शेजारचं नॉर्थ स्ट्रॅडब्रोक तयार झालं आणि आणखी उत्तरेला जगातलं सगळ्यात मोठं वाळूचं बेट तयार झालं. ते पूर्वी फ्रेझर बेट म्हणून ओळखलं जाई. २०२३ साली त्याला तिथल्या मूळ रहिवाशांचं 'क्गारी' हे नाव अधिकृतपणे परत मिळालं.

नावावरून आठवलं. मॉर्टनच्या नावाची गोष्ट शुद्धलेखनाच्या तासाला सांगण्यासारखी आहे. कॅप्टन कुक १७७० च्या मे महिन्यात इथून गेला. त्याने रॉयल सोसायटीचे अध्यक्ष राहिलेल्या अर्ल ऑफ मॉर्टन यांचं नाव या भागाला दिलं. पुढे १७७३ मध्ये त्याच्या प्रवासाचं वर्णन छापलं गेलं, तेव्हा इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक जादा अक्षर घुसलं. ते आजतागायत तसंच आहे! पण त्याच्या कितीतरी आधीपासून हे बेट क्वांडामूका लोकांपैकी नुगी समाजाचं होतं आणि त्यांचं नाव होतं मुलगुम्पिन, म्हणजे वाळूच्या टेकड्यांची जागा. त्यांनी खाल्लेल्या शिंपल्यांचे जुने ढीग बेटावर अजून सापडतात. २०१९ साली न्यायालयाने या बेटावरचा त्यांचा पारंपरिक हक्क मान्य केला. मुलांना मी नेहमी सांगते, नकाशावरचं नाव कोणी दिलं, हेही विचारायला शिका.

मग नातीच्या प्रश्नाचं उत्तर काय? बेट वाहून का जात नाही? लाटा पुढून वाळू नेतात, तशी मागून नवी आणतात हे एक. दुसरं उत्तर माझ्या पायाशीच होतं. किनाऱ्याच्या वरच्या अंगाला, जिथे भरतीची रेघ संपते, तिथे जाड, बकरीच्या खुरासारख्या दुभंगलेल्या पानांचा एक वेल पसरला होता. जांभळट फुलं. मी तिथेच खाली बसले. ही तर आमची मर्यादवेल! कोकणात प्रत्येक पुळणीवर दिसते. समुद्राची मर्यादा ती दाखवते, म्हणून हे नाव. आपल्या लोकांनी काय नेमकं नाव ठेवलंय बघा. हा वेल खाऱ्या वाऱ्यात, तापलेल्या वाळूत तगतो आणि त्याच्या लांबच लांब फांद्या उडणारी वाळू धरून ठेवतात. त्याच्या मागे गवत येतं, गवतामागे झुडपं, मग झाडं. तिथे केवड्याच्या जातीची झाडं होती आणि सुरूही होते. सुरू तर मूळचे त्याच बाजूचे. आपण ते आणून आपल्या किनाऱ्यांवर वारा अडवायला लावले. सिडनीत महिनाभर परकं परकं वाटत होतं, ते त्या वाळूत बसल्यावर जरा कमी झालं.

जिथे झाडं नाहीत तिथे काय होतं, तेही दुपारी पाहिलं. बेटाच्या आत 'डेझर्ट' म्हणतात असा उघड्या वाळूचा मोठा पट्टा आहे. तिथे पोटावर झोपून गुळगुळीत फळीवरून उतारावर घसरतात. नात चार वेळा घसरली, जावई दोन वेळा. मी एकदा. वर चढताना मात्र दम निघाला, कारण एक पाऊल वर टाकलं की अर्धं खाली घसरतं.

जेट्टीजवळ परत आल्यावर एक काँक्रीटचा मोठा ओटा दाखवला. या जागेचं नाव टँगालुमा. १९५२ ते १९६२ या काळात इथे व्हेल मारण्याचं केंद्र होतं. अंटार्क्टिकाच्या थंड पाण्यातून हम्पबॅक व्हेल दर हिवाळ्यात उत्तरेच्या उबदार पाण्यात पिलांना जन्म द्यायला जातात. आपल्याकडे बाळंतपणाला माहेरी जातात तसंच. त्या वाटेवरच हे बेट. अकरा हंगामांत इथे ६२७७ हम्पबॅक ओढून आणले गेले आणि या ओट्यावर कापले गेले. भागाकार केला तर वर्षाला साडेपाचशेच्या वर. तेल काढायचं, उरलेल्याची भुकटी करायची. १९६२ साली केंद्र बंद पडलं. दया आली म्हणून नव्हे, मारायला व्हेल उरले नाहीत म्हणून. पूर्व ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याने जाणारे हजारो व्हेल काही शेकड्यांवर आले होते.

पुढे बंदी आली, ती पाळली गेली आणि व्हेल हळूहळू वाढले. आता ते पुन्हा हजारोंच्या संख्येने येतात. २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाने हम्पबॅकला धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीतून काढलं. आम्ही गेलो तेव्हा हंगाम नुकता सुरू होत होता. आम्हाला एकही दिसला नाही. नात म्हणाली, "त्यांना इथे यायची भीती नाही वाटत?" मी म्हटलं, "वाट त्यांची आहे ना. ती कशी सोडतील?" तिला पटलं की नाही कोण जाणे.

थोड्या अंतरावर पाण्यातून गंजलेल्या बोटींचे सांगाडे वर आलेले दिसतात. एकूण पंधरा. त्या वादळात फुटलेल्या नाहीत. १९६३ पासून पुढे सरकारने त्या मुद्दाम बुडवल्या, लहान होड्यांना लाटांपासून आडोसा मिळावा म्हणून. आज त्यांच्यावर प्रवाळ वाढलंय आणि माशांचे थवे फिरतात. त्यांतल्या बऱ्याच बोटी ड्रेजर होत्या, म्हणजे तळातली वाळू आणि गाळ उपसणाऱ्या. जन्मभर वाळू उपसली आणि शेवटी वाळूतच रुतून बसल्या.

इथे मला माझा वर्ग आठवला.

आमची शाळा खाडीच्या तोंडाशी आहे. गेल्या वर्षी आठवीतल्या एका मुलाने विचारलं होतं, "बाई, वाळू संपते का?" त्याचे वडील हातपाटीवर जातात. बुडी मारून पाटीने वाळू काढायची, होडीत भरायची. वाळू आमच्याकडे ब्रासने मोजतात. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. त्यावर त्याच्या घरची चूल पेटते, वह्या येतात. हातपाटीवाल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वाळू काढली. पुढे रात्रीचे सक्शन पंप आले. शाळेमागच्या पुळणीवरच्या सुरूच्या दोन रांगा गेल्या काही पावसाळ्यांत आडव्या झाल्या. अशा वर्गात 'वाळू उपसा वाईट' असं एका वाक्यात शिकवता येत नाही. तो मुलगा खाली मान घालून बसतो.

ऑस्ट्रेलियातही हे असंच झालेलं आहे. त्या बेटांच्या वाळूत रुटाइल, झिरकॉन, इल्मेनाइट अशी खनिजं असतात. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही इल्मेनाइटची काळी वाळू आहे. क्गारीवर त्यासाठी खाणी चालत होत्या. तिथून जवळच्या मेरीबरो गावात प्रौढशिक्षणाचं काम करणाऱ्या जॉन सिंक्लेअर यांनी १९७१ मध्ये बेट वाचवायला संघटना उभी केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, केंद्र सरकारने खनिजांची निर्यात थांबवली आणि १९७६ अखेर खाणकाम बंद झालं. १९९२ मध्ये बेट जागतिक वारसा झालं. पण ज्यांचं पोट खाणीवर आणि लाकूडतोडीवर होतं, त्या गावकऱ्यांचा रोष सिंक्लेअर यांनी वर्षानुवर्षं सोसला. नॉर्थ स्ट्रॅडब्रोकवर तर वाळूच्या खाणी सुमारे सत्तर वर्षं चालल्या, त्या २०१९ मध्ये थांबल्या. मॉर्टनवरही प्रस्ताव होते, लोकांनी विरोध केला. आज त्या बेटाचा बहुतेक भाग राष्ट्रीय उद्यान आहे. वाचवणं म्हणजे कोणाची तरी रोजी जाणंही असतं. ही बाजू मुलांपासून लपवू नये असं मला वाटतं. लपवली तर त्या मुलाला शाळा आपल्या बापाच्या विरोधात आहे असंच वाटत राहील.

म्हणून यंदा वर्गात चार गोष्टी करायचं ठरवलं आहे. जमल्यास तुम्हीही करून पाहा.

१. परातीत ओली वाळू पसरून एका कडेला पाणी घाला. फुटपट्टीने तिरप्या लाटा करा आणि खडूच्या रंगीत चुऱ्याचे कण कुठे सरकतात ते मुलांना बघू द्या.

२. दोन ट्रेमध्ये वाळूचे सारखे ढीग करा. एकावर गवताचा तुकडा मुळांसकट लावा. वहीने वारा घाला. कोणता ढीग टिकतो, ते मुलंच सांगतील.

३. घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून या, तुमच्या लहानपणी भरतीचं पाणी कुठपर्यंत यायचं? उत्तरं गावाच्या नकाशावर मांडा.

४. न हलणारी एक खूण ठरवा, विहीर किंवा देवळाचा चौथरा. तिथून उधाणाच्या भरतीच्या रेघेपर्यंतचं अंतर दर महिन्याला, ओहोटीच्या वेळी आणि मोठ्या माणसांबरोबर, टेपने मोजा. पावसाळ्यात किनारा खचतो आणि हिवाळ्यात बराचसा परत भरतो, म्हणून निष्कर्ष वर्षभराने काढायचा.

आणि एक दिवस त्या मुलाच्या वडिलांना वर्गात बोलवायचं आहे. खाडीचा तळ कुठे खोल झाला, कुठली वाळू दरवर्षी भरून येते आणि कुठली येत नाही, हे पुस्तकापेक्षा त्यांना जास्त ठाऊक आहे. 'वाळू संपते का' या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यांच्याकडे आहे. उरलेलं निम्मं वर्षभराच्या मोजणीतून येईल. ती मोजणी जूनच्या पहिल्या उघडिपीला सुरू करतोय. टेपचं एक टोक त्या मुलाच्या हातात द्यायचं आहे.