नगरला गेलात, तर लक्ष्मीबाईंना आठवा

शिर्डीला जाताना आपण बहुतेकजणी नगरवरूनच जातो. शिरूरला घोडनदी ओलांडली की जिल्हा सुरू होतो. नगरच्या स्टँडवर गाडी थोडा वेळ थांबते, कुणी चहा घेते, कुणी मुलांना मोकळे करून आणते, आणि गाडी मनमाड रस्त्याला लागते. तासाभरात राहुरी येते आणि जाते. तिथे उतरून काय बघायचे, असा प्रश्न आपल्या मनात येत नाही, कारण आपले डोळे लागलेले असतात दर्शनाच्या रांगेकडे. पण मैत्रिणींनो, पुढच्या खेपेला एक दिवस हाताशी ठेवा. या रस्त्यावर एका आजीबाईंची ओळख करून घ्यायची आहे.

२०२४ मध्ये या जिल्ह्याला अहिल्यादेवींचे नाव मिळाले. जामखेड तालुक्यातले चौंडी हे त्यांचे माहेर. १७२५ मध्ये त्या तिथे जन्मल्या. जिल्ह्याच्या पाटीवर एका बाईचे नाव यावे, ही आनंदाचीच गोष्ट. बोलताना अजून सगळे ‘नगर’च म्हणतात, ते सोडा! पण मी सांगणार आहे त्या बाईंना ना गादी होती, ना फौज. होती ती एक चूल, आणि तीही बराच काळ धड आपली नव्हे. त्या म्हणजे ‘स्मृतिचित्रे’च्या लक्ष्मीबाई टिळक. शाळेत त्यांचा एखादा उतारा आपल्यापैकी पुष्कळजणींनी वाचला असेल.

त्यांचा जन्म १८६८ सालचा, नाशिककडचा. माहेर गोखल्यांचे. वडिलांना सोवळ्याचे विलक्षण वेड. घरात येणारी प्रत्येक वस्तू धुऊन घ्यायची. मीठसुद्धा! आता मीठ धुतल्यावर उरणार काय, हे तुम्हीच सांगा. अशा घरातली ही मुलगी १८८० मध्ये, अकरा-बारा वर्षांची असताना, नारायण वामन टिळकांच्या घरी आली. नवरा कवी, बुद्धिमान, मनाचा उदार आणि डोक्याने तापट. हातात पैसा टिकायचा नाही, पायाला भिंगरी. कधी उठून कुठे निघून जातील, याचा नेम नसे. टिळक कवी म्हणून मोठे, माणूस म्हणूनही मोठे. पण असा नवरा संसाराला मिळाला तर काय होते, ते लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात वाचावे. आणि गंमत अशी, की ते वाचताना डोळ्यांत पाणी यायच्या आधी हसूच येते.

१८९५ च्या फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. त्या काळी ब्राह्मण घरातल्या बाईवर ही केवढी कुऱ्हाड होती, याची आज कल्पना करणे अवघड आहे. नवरा जिवंत आहे, कुंकू कायम आहे, पण त्याच्या पंक्तीला बसता येत नाही. आप्तांना ती जड, आणि नवऱ्याकडे गेली तर आप्त कायमचे तुटणार. पदरात लहानगा दत्तू. काही काळ त्या पंढरपूरला नातेवाइकांकडे राहिल्या. दुःखाने शरीर खंगले, मन थाऱ्यावर राहिले नाही. अखेर काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या मुलाला घेऊन टिळकांकडे आल्या, त्या नगरला.

नगरच का, तर अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे इथे १८३१ पासून होते. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ मध्ये इथेच निघाले. सिंथिया फरार नावाच्या अमेरिकन बाईंनी इथे मुलींच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचले. आपल्या सावित्रीबाई फुल्यांनी अध्यापनाचे धडे घेतले ते याच बाईंकडे. टिळक नगरला मिशनच्या धर्मशिक्षणाच्या विद्यालयात शिकवत. गावात आजही ख्रिस्त गल्ली आहे, जुनी चर्चे आहेत, आणि तिथल्या उपासनेत टिळकांची मराठी पदे म्हटली जातात. कापडबाजारातली खरेदी उरकली की तिकडे एक चक्कर जरूर मारा. किल्ला बघणार असाल तर तोही बघा. १९४२ ते १९४५ या काळात पंडित नेहरू तिथे कैदेत होते. पण किल्ल्याविषयी सांगणारे पुष्कळ आहेत. आपण चुलीकडे वळू.

लक्ष्मीबाई नवऱ्याकडे आल्या, पण धर्म बदलायला आलेल्या नव्हत्या. नवरा ख्रिस्ती आणि बायको ब्राह्मण, असा तो संसार. त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळे, भांडी वेगळी. बाहेरच्या माणसाचा स्पर्श झाला की त्यांना पाणी चालायचे नाही. टिळकांनी तापटपणाने इतर कितीतरी बाबतीत बायकोला रडवले, पण इथे मात्र जबरदस्ती केली नाही. त्यांनी तिला तिच्या गतीने येऊ दिले. त्या माणसाचे कौतुक करायचे तर मी या एका गोष्टीसाठी करीन.

आणि मग ती गाठ सुटली कशी? कुणी व्याख्यान दिले म्हणून नाही. बाई स्वतःशीच विचार करीत राहिल्या. देवाने पशूंच्या जाती केल्या त्या दिसतात. गाय वेगळी, घोडा वेगळा, हे कुणी सांगावे लागत नाही. माणसांत मात्र डोळ्यांना दिसतात ते फक्त पुरुष आणि स्त्री. मग या बाकीच्या जाती कुणी केल्या? माणसानेच! एवढे एकदा पटले, तेव्हा त्यांनी ठरवून टाकले, की यापुढे कुणाच्याही हातचे खायचे-प्यायचे. मीठ धुणाऱ्या बापाची ती लेक. मनाला पटणे एक आणि घशाखाली उतरणे दुसरे, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. तरी त्यांनी ते केले. धर्मांतर त्यानंतरचे, १९०० सालचे, राहुरीला. म्हणजे आधी पाण्याचा विटाळ गेला आणि मग धर्माचा प्रश्न आला, हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

तुम्ही म्हणाल, ही शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची गोष्ट झाली, आता कुठे आहे सोवळे-ओवळे! बरोबर आहे. पण आपल्या ओट्यावर कामाच्या बाईंचा कप वेगळा, कोपऱ्यात उपडा घातलेला असतो, तो कशासाठी असतो? मला वाटते, लक्ष्मीबाईंनी तो कप बघितला असता तर रागावल्या नसत्या. त्यांनी त्यावर काहीतरी असे बोलून दाखवले असते, की हसता हसता आपणच तो उचलून बाकीच्या कपांत मिसळला असता.

राहुरीला त्या वेळी काय परिस्थिती होती? १८९९-१९०० चा तो भयंकर दुष्काळ. माणसे रस्त्यावर आलेली, पोरे पोरकी झालेली. मिशनने अनाथ मुलांना आसरा दिला, आणि टिळकांच्या घरातही अशी मुले आली. जिचे पाणी कालपर्यंत वेगळे होते, ती बाई आता कुणाकुणाच्या पोरांना न्हाऊ घालीत होती, भरवत होती, त्यांची दुखणी काढीत होती. जात विचारायला वेळच उरला नाही, असे म्हणा हवे तर. इथून पुढे त्या घराला दार असे राहिलेच नाही. कोण कधी येईल, किती दिवस राहील, किती ताटे मांडायची, याचा हिशेब सुटला. पगार तुटपुंजा, आणि तोही टिळक वाटेत कुणाला देऊन येतील याची धास्ती. महिन्याचे अंदाजपत्रक आखणाऱ्या आपल्यासारख्यांना ते वाचूनच घाम फुटेल.

नगरच्या त्या घरात एक लाजरा, हळवा मुलगाही येऊन राहिला होता. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवी. टिळकांनी त्यांच्यातला कवी ओळखला. लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलासारखे सांभाळले, रुसवेफुगवे काढले. १९१८ मध्ये भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून बालकवी गेले, तेव्हा वय अवघे सत्तावीस-अठ्ठावीस. पुढच्याच वर्षी, १९१९ च्या मे महिन्यात, टिळकही गेले.

एखादी बाई यानंतर कोपऱ्यात बसली असती. लक्ष्मीबाई मुलाबरोबर कराचीपर्यंत गेल्या, तिथले जगही कुतूहलाने बघून आल्या. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य लिहायला घेतले होते, ते थोडक्यात अडले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंनी त्याचे ६४ अध्याय लिहिले! आणि ‘स्मृतिचित्रे’? ते पुस्तक तर मुलाच्या भुणभुणीतून झाले. दत्तूला, म्हणजे देवदत्त टिळकांना, वडिलांचे चरित्र लिहायचे होते. म्हणून त्यांनी आईला आठवणी लिहून काढायला लावले. आई लिहायला बसली नवऱ्याविषयी, आणि लिहिता लिहिता सासर, माहेर, आत्या, नणंदा, पोरेबाळे, सगळा गोतावळाच कागदावर उतरला. जशी बोलली तशी लिहिली. १९३४ पासून भाग निघू लागले, आणि १९३६ च्या फेब्रुवारीत नाशिकला त्यांनी डोळे मिटले. पुढे नातू अशोक टिळक यांनी आजीच्या या पुस्तकाची नव्याने जोपासना केली. विजया मेहता यांनी त्यावर चित्रपट केला, त्यात सुहास जोशी लक्ष्मीबाई झाल्या होत्या. शांता गोखले यांनी २०१७ मध्ये इंग्रजीत अनुवाद केला, तेव्हा मराठी न वाचणाऱ्या नातवंडांचीही सोय झाली आहे. तुमच्या घरी कुणी ऐंशीच्या पुढची बाई असेल, तर दत्तूसारखी थोडी भुणभुण करून बघा. वही साधी दोनशे पानी पुरते.

आता जाण्याविषयी. पुण्याहून नगर साधारण १२० किलोमीटर, एसटीला तीन तास धरावेत. दौंड-मनमाड रेल्वेनेही जाता येते. नगर आणि राहुरी ही दोन्ही स्टेशने त्याच मार्गावर आहेत, आणि लक्ष्मीबाईंच्या वेळीही होती. पावसाळा सरला की जावे, उन्हाळ्यात नगरचे ऊन सोसवत नाही. सकाळी नगरमध्ये ख्रिस्त गल्ली आणि चर्च बघून दुपारपर्यंत राहुरी गाठता येते. मुळा नदीवरच्या धरणामुळे या भागाचे रूप आता पालटले आहे. उसाचे मळे आहेत, कृषी विद्यापीठ आहे. दुष्काळातली राहुरी डोळ्यांपुढे आणायला पुस्तकच हाताशी हवे. नाव मोठे, पण बघायला फार काही नाही, अशी तक्रार करू नका. बायकांच्या स्वयंपाकघरांची स्मारके कुठे कुणी बांधली आहेत? पुस्तक पिशवीत वरच ठेवा, म्हणजे गाडीत काढायला बरे. खिडकीजवळची जागा मिळाली तर उत्तमच. आणि एक सूचना, ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मोठ्याने हसू येते, तेव्हा शेजारची बाई चमकून बघेल. तिला दोन पाने वाचून दाखवा.