अस्तंब्याचा अश्वत्थामा आणि पोरांचं ॲनिमे

मंडळी, आज राजकारण बाजूला ठेवतो. आज कार्टूनवर लिहितोय. "कार्टून नाही पप्पा, ॲनिमे," असं आमचे दहावीतले चिरंजीव लगेच सुधारतात, म्हणून ॲनिमे म्हणू.

जळगाव काय, धुळं काय, या वयाची पोरं मोबाईलवर हिंदीत डब केलेलं जपानी ॲनिमे बघतात. त्यात 'डीमन स्लेयर' जोरात. कोयोहारू गोतोगे यांची ही चित्रकथा 2016 ते 2020 या काळात आली, 2019 पासून त्यावर मालिका निघाली आणि 12 सप्टेंबर 2025 ला 'इन्फिनिटी कॅसल' हा सिनेमा आपल्याकडे हिंदीतही लागला. पोरगं एवढं काय बघतं म्हणून सोबत बसलो, आणि बसूनच राहिलो. (सिनेमा बघायचा बाकी असेल त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडा.)

नायक तांजिरो. डोंगरातल्या, कोळसा विकून पोट भरणाऱ्या घरातला थोरला मुलगा. एका रात्रीत राक्षस त्याचं घर संपवतो. जी बहीण वाचते ती स्वतःच राक्षस होते. तिला परत माणसात आणायचं म्हणून हा तलवार हातात घेतो. त्याच्यासमोर उभा राहतो आकाझा. हा आकाझा पूर्वी माणूस होता, हाकुजी नावाचा पोरगा. आजारी बापाच्या औषधासाठी खिसे कापायचा. पकडला की मार खायचा, हातावर चोराचं गोंदण करून घ्यायचा. आपल्यापायी पोरगं चोर झालं म्हणून बापाने गळफास घेतला. पुढे एका गुरूने त्याला घरात घेतलं, गुरूच्या मुलीशी लग्न ठरलं. तर शेजारच्या आखाड्यातल्यांनी विहिरीत विष कालवलं. गुरू गेला, मुलगीही गेली. मग या पठ्ठ्याने त्या आखाड्यातली 67 माणसं नुसत्या हातांनी मारली.

हे सगळं बघून आपला जीव कळवळतो. पण तांजिरोची तलवार थांबत नाही. आणखी एक प्रसंग मालिकेत आधीच येऊन गेलाय. रुई नावाचा पोरवयाचा राक्षस मरतो आणि तांजिरोचा वरिष्ठ त्याच्या रिकाम्या कपड्यांवर पाय देऊन उभा राहतो. तांजिरो म्हणतो, पाय काढा, हाही कधीतरी माणूस होता. मला वाटतं सगळ्या मालिकेचं मर्म इथे आहे. ज्याच्या हातात तलवार आहे तो मेलेल्यावर पाय देतो का, यावर नायक ठरतो. आणि खलनायक मनात घर करतो, कारण त्याची जखम आपल्याला ओळखीची वाटते आणि त्या जखमेचं त्याने जे केलं त्याची भीती वाटते.

आपल्या खान्देशाला ही गोष्ट नवी नाही. सातपुड्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी म्हणजे धडगाव तालुक्यात अस्तंब्याचा डोंगर आहे. उंची 1,325 मीटर. 1 जुलै 1998 ला नंदुरबार वेगळा होईपर्यंत तो आपल्या धुळे जिल्ह्यातच होता. दरवर्षी दिवाळीत, धनत्रयोदशीच्या सुमाराला तिथे यात्रा भरते. महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेशातून आदिवासी बांधव रात्री-अपरात्री डोंगर चढतात. कोणासाठी? अश्वत्थाम्यासाठी. लोक त्याला अस्तंबा ऋषी म्हणतात. कपाळावरची जखम घेऊन तो सातपुड्यात तेल मागत फिरतो, वाट चुकलेल्याला वाट दाखवतो, असं सांगतात. रावेरवरून पुढे बुऱ्हाणपूरकडे गेलात तर असिरगडावरही त्याचीच गोष्ट ऐकायला मिळते.

आता बघा, हा माणूस काही संत नव्हे. झोपलेल्या छावणीत शिरून त्याने द्रौपदीची पाच पोरं मारली. उत्तरेच्या पोटातल्या गर्भावर अस्त्र सोडलं. पण महाभारत त्याचं बालपणही सांगतं. घरात दूध नाही म्हणून पिठाचं पाणी पिऊन "दूध प्यायलो" म्हणत नाचणारं पोर. बापाची सोबतच्या मित्राने, द्रुपदाने, केलेली अवहेलना. मग त्याच बापाचा अर्धसत्य बोलून झालेला घात. एवढं सगळं सांगूनही शाप काही टळत नाही. कपाळावरचा मणी काढून घेतात आणि त्याला वणवण फिरायला सोडतात. भागवतात तर द्रौपदीच म्हणते, याला मारू नका, माझ्यासारखी याची आई रडायला नको. आमची आई ही गोष्ट सांगताना अहिराणीत एवढंच म्हणायची, "त्यानी माय बी रडनी व्हई ना रे."

हे मला अलीकडे फार आठवतं, त्याला कारण आहे. वीसेक वर्षं क्राईमच्या बातम्या करतोय. मध्यंतरी एका पोलीस ठाण्यात चॉपरने वार केलेल्या प्रकरणात सोळा-सतरा वर्षांचं पोरगं आणलं होतं. बाहेर बाकावर त्याची आई डबा घेऊन बसलेली. समोरच्या बाकावर जखमी पोराचा बाप. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते. तासाभरात त्या पोराचा फोटो ग्रुपवर फिरला आणि खाली कमेंट, 'चौकात लटकवा'.

बाल न्याय कायदा 2015 चं कलम 74 सांगतं, अशा मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो जाहीर करायचा नाही. कायदा त्याला सोडून द्या म्हणत नाही. चौकशी होते, गुन्हा अतिगंभीर असेल तर 16 वर्षांवरच्या मुलाचा खटला मोठ्यांसारखाही चालू शकतो. फक्त कपड्यांवर पाय ठेवू नका, एवढंच कायद्याचं म्हणणं आहे. बाकावरच्या त्या बापाला न्याय मिळालाच पाहिजे. फोटो फिरवून तो मिळत नाही.

दुसरीकडे बघा. ज्याच्यावर डझनभर गुन्हे, त्याच्या वाढदिवसाचं फ्लेक्स चौकात, गॉगल लावून, खाली पन्नास 'शुभेच्छुक'. गावठी कट्टा दाखवणाऱ्या रीलला हजारो लाईक. म्हणजे गरिबाचं पोर पहिल्याच गुन्ह्यात राक्षस आणि पैसेवाला दहाव्या गुन्ह्यातही 'भाऊ'. आपली पोरं मोबाईलवर जो न्याय बघतात, तो चौकातल्या या न्यायापेक्षा जास्त शहाणा आहे. परवा चिरंजीवांना विचारलं, तुझा आवडता कोण? म्हणाला, "आकाझा. पण तो जिंकायला नको होता." एवढा हिशोब आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपला जमला तरी पुष्कळ.

तुमच्या गावाकडे अस्तंब्याची गोष्ट कशी सांगतात? यात्रेला जाऊन आलेल्यांनी कमेंटमध्ये जरूर लिहा. आणि एखाद्या पोराचा फोटो पुढे पाठवायला बोट जाईल तेव्हा डबा घेऊन बसलेल्या मायचा आधी विचार करा.