पावलांचा धीर

आईने कुठलंही काम सोडल्याचं कधी सांगितलं नाही. वरच्या फळीवरचे डबे ती आमच्याकडून काढून घेऊ लागली. गच्चीवर वाळवण घालणं थांबलं, मग तिन्हीसांजेची देवळातली फेरी. कामाच्या मावशी आल्याशिवाय ती आंघोळीला जात नाही, हे तर फार उशिरा लक्षात आलं. ओल्या मोरीत एकदा पाय घसरला होता. मनगट मुरगळलं, पंधरवड्यात बरंही झालं. हाड शाबूत राहिलं, पण धीर खचला.

ही धास्ती मोजताही येते. अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या डॉ. मेरी टिनेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली त्यासाठी १० साध्या कामांची यादी केली: आंघोळ करणं, कपाटातलं काढणं, खुर्चीतून उठणं, दार उघडायला जाणं, कपडे बदलणं. न पडता हे जमेल असा भरवसा किती वाटतो, याला १ ते १० मधला एक आकडा द्यायचा. २००५ मध्ये युरोपात त्यावरून १६ कामांची यादी झाली. तिच्यात उतार, गर्दी आणि घरगुती समारंभही आले, फोनची घंटा थांबायच्या आत तिथवर पोचणंही आलं. किती वेळा पडलात, हे या याद्या विचारत नाहीत. मनाने कुठल्या कामातून अंग काढून घेतलंय, ते विचारतात. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण घरात आम्ही कुणी तिला तसं विचारलंच नव्हतं.

भीती खोटी नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडून दगावतात आणि त्यात साठीपुढची सर्वांत जास्त. ऐंशीच्या घरात स्टुलावर चढून पंखा पुसणाऱ्याने थोडं घाबरलेलंच बरं. पण भीती वाजवीपेक्षा वाढली की पाऊल आखडतं, अंग ताठरतं, नजर फरशीवर खिळते. चालणं कमी झालं की मांड्यांची ताकद जाते, मग खुर्चीतून उठतानाही तोल जातो. ज्या पडण्याला माणूस भीत होता, ते असं आणखी जवळ येतं. घरच्यांचं ‘तू बस गं, आम्ही करतो’ मायेचंच असतं, पण तेही माणसाला बसवूनच ठेवतं.

आईच्या पिढीने आयुष्यभर पाटावर बसून जेवण केलं, विळीवर भाजी चिरली. ते उठणं-बसणं हाच पायांचा व्यायाम होता. गुडघे दुखायला लागल्यावर टेबल आलं, कमोड आला. ते यायलाच हवं होतं, पण त्याबरोबर जमिनीवरून उठायची सवयही गेली. म्हणून फिजिओथेरपिस्ट बाईंनी तिला आधी शिकवलं ते पडल्यावर उठायचं कसं. चटईवर कुशीवर वळायचं, कोपरावर भार घेऊन रांगतं व्हायचं, खुर्चीपर्यंत सरकायचं, दोन्ही तळवे बैठकीवर रोवायचे, धडका पाय पुढे घ्यायचा आणि मग उठायचं. पहिल्यांदा उठली तेव्हा धापा टाकत होती आणि ‘परत करू?’ असं स्वतःच विचारत होती. पडले तरी जमिनीवर अडकून राहणार नाही, एवढं कळल्यावर तिचा चेहरा सैलावला.

मोरीत धरायला दांडा बसवला, पायपुसणी काढली, रात्रीचा दिवा लावला. डॉक्टरांना रक्तदाबाच्या आणि झोपेच्या गोळ्या पुन्हा बघायला सांगितल्या, कारण त्यांनीही तोल जातो. पण तिच्या चालण्यात फरक पडला तो मुख्यतः व्यायामाने, असं माझं मत आहे. जगभरचे प्रयोग एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेनच्या २०१९ च्या आढाव्यात व्यायामामुळे पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. त्यातही तोल सावरण्याचे व्यायाम महत्त्वाचे. आई ओट्याला बोटं टेकवून एका पायावर उभी राहते, दूध तापेपर्यंत.

घराबाहेर मात्र तिचा भरवसा तिच्या एकटीच्या हातात नाही. पदपथावरचे पेव्हर ब्लॉक उचकटलेले, बसची पायरी उंच, कार्यालयाच्या गुळगुळीत पायऱ्यांना धरायला काही नाही. तिथे म्हाताऱ्या माणसाने कचरावं हे रास्तच आहे, आणि ते बदलणं आमच्यासारख्या धडधाकटांचं काम आहे. आमच्या इमारतीच्या जिन्यालाही एकाच बाजूने कठडा आहे, तोही उतरताना डाव्या हाताला येतो. दुसऱ्या बाजूने कठडा बसवावा, असा अर्ज सोसायटीच्या पुढच्या बैठकीसाठी लिहिलाय. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी सही केली आहे, आईचीही आहे.