केंडलचा काळा पीळ

इंग्लंडच्या वायव्येस, जुन्या वेस्टमोर्लंड परगण्यात, केंट नदीच्या काठी वसलेल्या केंडल गावात १७९२ पासून तपकिरीचा आणि तंबाखूचा उद्योग नांदत आला आहे. तेथील काळ्या पिळाचा एक तुकडा एका स्नेह्याने आवर्जून आणून दिला, तेव्हा बारीक चिरलेल्या, डबीबंद, सुवासिक तंबाखूला सरावलेल्या माझ्या हाताला ते द्रव्य सर्वस्वी परके वाटले. जाड, चिकट, काळीकुळकुळीत अशी ती दोरीच होती. तंबाखूची पाने एकापुढे एक लावीत, वरून अखंड पानाचे वेष्टण देऊन, चातीवर सूत कातावे तशी ती पिळली जाते. आणि मग तेलाचा हात फिरवून दीर्घकाळ उष्णतेत ठेवली, म्हणजे पानांचा मूळ पिंगट वर्ण लोपून त्यांचे रस परस्परांत मुरतात.

या वस्तूविषयी मला आदर वाटतो तो तिच्या श्रमिक कुळामुळे. कोळशाच्या खाणीत ज्वालाग्राही वायूच्या भयाने काडी ओढण्याची सक्त मनाई, म्हणून खाणकामगार असल्याच पिळाचा तुकडा तोडून गालात धरीत. त्या काळोखात, घामाने आणि धुळीने माखलेल्या माणसाला जिचा आधार वाटला, ती तंबाखू सौम्य असेल तरी कशी?

धारदार चाकूने तिच्या पातळ चकत्या कापाव्या, बोटांनी मोकळ्या कराव्या, काही वेळ वाऱ्यावर सुकू द्याव्या आणि पाइपात सैल भराव्या. धूर येतो तो जळक्या लाकडाचा, कमावलेल्या कातड्याचा, ओल्या मातीचा; गोडवा असतो, पण फार खाली. घाईने ओढल्यास मस्तक गरगरते, आणि तसे होऊ नये म्हणून झुरक्या-झुरक्यांत जो अवकाश ठेवावा लागतो, त्यातच तिची खरी रुची उलगडते.

अपरिचित तंबाखूची परीक्षा बादशहालाही चुकली नाही. १६०४ च्या सुमारास अकबराचा दरबारी असद बेग याने विजापुराहून आणलेली तंबाखू आणि रत्नजडित नळी बादशहाला नजर केली. आपल्या ग्रंथांत हिचा उल्लेख नाही, अशी हकिमाने हरकत घेतली. तेव्हा, इतर देशांतील शहाण्यांनी स्वीकारलेली वस्तू केवळ आपल्या पोथीत नाही म्हणून नाकारू नये, असे बादशहा म्हणाल्याचे असद बेगाने नमूद केले आहे. या उत्तरातील औदार्य मला फार मोलाचे वाटते. अकबर स्वतः पुढे तंबाखूच्या वाटेला गेला नाही. मी मात्र त्या स्नेह्याला आणखी वीतभर पिळासाठी पत्र टाकले आहे.