दारावरची नोंद

परवां आमचा पुतण्या चाकणच्या कारखान्यांतून सांगवीस परतला, तेव्हां त्याचें पान झांकून ठेवून तास लोटला होता. चेहरा पार उतरलेला. "काका, नवीं तीन यंत्रें आलीं आहेत आणि तिघांचाही आंतला पत्ता एकच आहे. उद्यां तीं चालूं झालीं नाहींत तर माझी धडगत नाहीं!"

संगणकविद्येंत मी अडाणी. परंतु एका वर्गांत एकाच नांवाचीं तीन मुलें असलीं म्हणजे हजेरीला काय घोळ होतो, हें मीं जन्मभर पाहिलें आहे. म्हटलें, "नीट समजावून सांग."

जाळ्यांतील प्रत्येक यंत्रास एक आंकडी पत्ता लागतो. जुन्या पद्धतीचे हे पत्ते साऱ्या जगास मिळून ४२९ कोटी ४९ लक्ष ६७ हजार २९६. ते पुरणार नाहींत हें ओळखून १९९४ सालीं दारांत पत्ता बदलून देण्याची युक्ति मांडली गेली, आणि त्याच सालीं कांहीं पत्ते केवळ खासगी वापरासाठीं राखले गेले. ते कोणींही आपल्या घरांत वापरावे. बाहेर त्यांना किंमत नाहीं. एका नमुन्याचीं यंत्रें बनविणारा कारागीर प्रत्येकाच्या पोटांत असाच एक पत्ता घालतो, समजा १९२.१६८.१.१०. त्यामुळें एकाची आज्ञावली दुसऱ्यास जशीच्या तशी चालते. पण तिन्ही यंत्रें एका जाळ्यास जोडलीं कीं मुख्य संगणकाच्या हांकेला 'ओ' कोणीं द्यावी?

यावर तोडगा असा कीं, प्रत्येक यंत्राच्या दारांत जो 'स्विच' असतो त्यांत एक तक्ता लिहावयाचा. पहिल्याच्या दारीं: आंत १९२.१६८.१.१०, बाहेर १०.१०.५.११. दुसऱ्याच्या दारीं बाहेरचा पत्ता १०.१०.५.१२, तिसऱ्याच्या १०.१०.५.१३. मग तो तक्ता बाहेर जाणाऱ्या तोंडास लावून द्यावयाचा. यंत्राच्या पोटांतलें अक्षरही हलवावें लागत नाहीं. यालाच 'स्टॅटिक नॅट' म्हणतात.

"अरे, हा तर यणादेश!" मी उद्गारलों. इकाराच्या जागीं य, उकाराच्या जागीं व, ऋकाराच्या जागीं र, ऌकाराच्या जागीं ल. ज्याचा त्याला, ठरलेला. आणि उलट वाटेनें संप्रसारण आहेच. 'यज्' धातूचें 'इष्ट' होतें, 'वच्'चें 'उक्त'. तक्ताही तसाच दोन्हीं वाटांनीं चालतो.

"तक्ता मीं केला आहे, काका. हांक आंत पोंचते, पण उत्तर बाहेर येत नाहीं." एवढें बोलून तो थबकला. अडाण्यास समजावतांना शहाण्यास आपली चूक दिसते, हा मास्तरकीचा जुना अनुभव. हांक मारणारा संगणक १०.१०.५.२, म्हणजे परक्या आळींतला; आणि आळीबाहेर जाण्याची वाटच यंत्रांना शिकविलेली नव्हती. तेव्हां त्या संगणकासही आंतलें एक नांव, १९२.१६८.१.२, असें द्यावयास हवें होतें. तक्त्याची ही दुसरी ओळ राहून गेली होती.

"आणि ज्याची नोंदच नाहीं, त्याचें काय होतें?" मीं विचारलें.

"त्याचा निरोप स्विच दारांतच टाकून देतो."

ताक वाढतां वाढतां वहिनी हलकेच म्हणाल्या, "माझ्या मावशीच्या पत्रासारखेंच म्हणायचें."

माझी मान खालीं गेली. गोष्ट १९७८ सालची. सांगवी तेव्हां लहानसें गांवच होतें. मी शाळकरी पोर, ओसरीवर बसलेला. पोस्टमननें पत्रावरचें नांव वाचलें. आडनांव आमचें, पण नांव माहेरचें; लग्नांत बदललेलें, आमच्या घरांत कधीं न उच्चारलेलें. "या नांवाचें येथें कोणी नाहीं," असें मीं ऐटींत सांगितलें आणि पत्र परत गेलें. अंथरुणास खिळलेल्या मावशीनें भाचीला भेटीस बोलाविलें होतें. हें कळलें तेव्हां मावशीचे दिवसही होऊन गेले होते. वहिनींनीं मला एका शब्दानें दुखविलें नाहीं.

इतकीं वर्षें मी समजत होतों कीं दोष नांव बदलण्याचा. त्या रात्रीं उमगलें कीं बाहेर दुसरें नांव घेऊनही यंत्राचें आंतलें नांव शाबूत राहतें, कारण दारावर दोन्ही नांवांची नोंद असते. आम्हीं वहिनींचें नांव बदललें नव्हतें, पुसलें होतें.

दुसऱ्या दिवशीं पुतण्यानें तिन्ही दारीं ती राहिलेली ओळ लिहिली आणि यंत्रें बोलूं लागलीं. मींही दाराच्या पाटीवर वहिनींच्या नांवाखालीं त्यांचें माहेरचें नांव रंगवून घेतलें.

"आतां त्या नांवानें पत्र कोण धाडणार, भाऊजी?" वहिनींनीं विचारलें.

मला उत्तर सुचलें नाहीं. पण संध्याकाळीं दिवा लावून झाल्यावर त्या पाटीपाशीं बराच वेळ उभ्या होत्या.