हंसाबाई, उषा आणि माझा तक्ता

वाचनालयात ‘आधी पुस्तक, मग चित्रपट’ असा गट सुरू करायची टूम माझीच. कादंबऱ्या नकोत, खऱ्या आयुष्यांवरचीच पुस्तकं घ्यायची, हा हट्टही माझाच. कार्यवाहांनी एवढंच विचारलं, “लोक वाचून येतील का?” मी म्हटलं, न यायला काय झालं!

पहिलं पुस्तक ‘श्यामची आई’ निवडलं आणि तिथेच घसरले. साने गुरुजी सगळ्यांनी शाळेतच वाचलेले, अत्र्यांचा १९५३चा चित्रपटही पाहिलेला. त्यामुळे नव्याने कुणीच वाचलं नाही. खरं तर मीही नाही. चित्रपट संपला, डोळे पुसून झाले, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक यालाच मिळालं हे मी ऐकवलं, चहा झाला. चर्चा कसली डोंबलाची!

मग घेतलं ‘सांगत्ये ऐका’. अभिनेत्री हंसा वाडकरांचं आत्मकथन आणि त्यावरून श्याम बेनेगलांनी १९७७ साली केलेला ‘भूमिका’. जोडी उत्तम, व्यवस्था गचाळ. प्रत एकच, तीही एका देणगीदार काकूंकडे अडकलेली. तगादा लावायचा मला धीर होईना. शेवटी ती हातोहात फिरली आणि बहुतेकांनी नुसती चाळली. चित्रपटासाठी मी घरची डीव्हीडी आणून प्रोजेक्टरवर लावली. असं चारचौघांत दाखवायला हक्कधारकाची परवानगी लागते, हे वेष्टनावर बारीक अक्षरांत छापलेलं होतं. एका कॉलेजच्या मुलाने ते नंतर वाचून दाखवलं, तेही सगळ्यांसमोर.

पण खरा घोळ तक्त्याचा. मी दोन रकाने आखले होते: पुस्तकात काय, चित्रपटात काय. हंसाची उषा झाली, नवऱ्याचा केशव झाला, अशी यादी करत लाल शाईने ‘बदललं’, ‘गाळलं’ असे शेरे मारले आणि पेपर तपासणाऱ्या मास्तरणीसारखी चर्चेला बसले. एक मुलगी म्हणाली, उषाला वाड्यात अडकवून ठेवणारा अमरीश पुरींचा काळे ओरडत नाही, म्हणूनच तिथे जास्त गुदमरायला होतं. गटात इतकं नेमकं तोवर कुणीच बोललं नव्हतं. मी तिला मध्येच तोडलं, “पण पुस्तकात ते तसं नाहीये.” ती गप्प झाली, ती झालीच.

तेव्हा मागून एक आजोबा म्हणाले, “अहो बाई, हे पुस्तक तरी हंसाबाईंनी स्वतः कुठे लिहिलंय? त्यांनी सांगितलं, अरुण साधूंनी उतरवून घेतलं. ‘माणूस’च्या अंकात आलं तेव्हाच मी वाचलंय.”

सुरुवातीची पानं उलटून मी थेट मजकुराला भिडले होते. हे माझ्या ध्यानातच नव्हतं. म्हणजे ज्या रकान्याला मी पुरावा समजत होते, तोही कुणीतरी निवडून, जुळवून मांडलेलाच. हंसाबाईंनी काय सांगायचं टाळलं, साधूंनी काय ठेवलं, यासाठी माझ्या तक्त्यात जागाच नव्हती. अरुण साधूंसारखा कादंबरीकार मध्ये उभा आहे आणि मी बेनेगलांच्या चुका काढतेय!

ती मुलगी अजून पुस्तकं बदलायला येते. गटाचं विचारलं की “बघते” म्हणते. माफी मागायचं मी दोनदा ठरवलं आणि दोन्ही वेळा नव्या पुस्तकांबद्दल बोलत बसले.

आता बापू वाटव्यांनी लिहिलेलं दादासाहेब फाळक्यांचं चरित्र आणि ते वाचून परेश मोकाशींनी केलेला ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ घेतलाय. शेजारच्या वाचनालयांतून जादा प्रती मागवल्यात, चित्रपट ज्याने त्याने घरी पाहायचा. फाळके खरंच इतके मिश्कील होते का, यावर आजोबा आणि तो डीव्हीडीवाला मुलगा आत्तापासूनच भांडताहेत. कार्यवाहांनी मला फक्त चहाचं बघायला सांगितलंय.