तबकडीची कैफियत

जुन्या गवयांच्या तबकड्या नव्या वेष्टनात पुनःप्रकाशित होऊन अभिप्रायासाठी माझ्याकडे येतात, तेव्हा गायकाच्या गुणवत्तेविषयी अवाक्षर काढण्यापूर्वी मी कोपऱ्यातली पेटी पुढे ओढतो, आणि हा शिरस्ता पाहून आमच्या कोळारातले स्नेही हसतात. माणिकनगरच्या दत्तजयंतीच्या दरबारात, गवयाच्या पुढ्यात बसून, तंबोऱ्याच्या झंकारासकट गाणे ऐकत ज्यांचा कान घडला, त्यांना गाण्याआधी गाण्याच्या यंत्राची तहकीकात करणारा मनुष्य चमत्कारिक वाटावा, हे स्वाभाविकच आहे.

परंतु ती करावी लागते. १९०२ साली गौहरजान कलकत्त्यास प्रथम मुद्रणासाठी गायल्या, त्या काळी आणि पुढेही बरीच वर्षे मुद्रणाच्या चाकीची गती एकसारखी नसे. ‘७८ फेऱ्यांची तबकडी’ हे सरसकट नाव मागाहून पडले. मिनिटाला ७४ फेऱ्यांवर घेतलेले गाणे ७८ फेऱ्यांवर वाजवले, की षड्ज जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो, लय अकारण चपळ होते, तबल्याची चाट पातळ ऐकू येते, आणि जी तान वस्तुतः भारदस्त होती ती केवळ चलाख ठरते. अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या मुळातच बारीक व उंच आवाजाला अशी फुकटची भर मिळाली, तर त्याच्या नाजूकपणावर स्तंभ भरणारा परीक्षक गायकाच्या खात्यावर यंत्राची रक्कम जमा करून बसतो. म्हणून साथीची पेटी ही माझी पहिली साक्षीदार: तिचा षड्ज माझ्या पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधोमध कोठे तरी लोंबकळत असेल, तर गतीविषयी संशय घ्यावा. अर्थात जुन्या पेट्यांचे सूरही आजच्या मापाचे असतीलच असे नाही, तेव्हा केवळ तिच्या जबानीवर निकाल देता येत नाही. बायाँची घुमक आणि गायकाचा श्वास यांचीही रुजुवात घ्यावी लागते. तबकडीचे छिद्र केंद्रापासून किंचित सरकलेले असले, तर प्रत्येक फेऱ्यागणिक, म्हणजे सेकंदाच्या सुमारे तीनचतुर्थांशात एकदा, सूर हेलकावतो, आणि भोळा रसिक त्या हेलकाव्याला आंदोलित गांधार समजून मान डोलावतो!

गतीनंतर स्वच्छतेचा प्रश्न. खरखर काढण्याचे तंत्र आता इतके सोपे झाले आहे, की जो तो ती मुळापासून खरवडून काढतो, आणि तिच्याबरोबर तंबोऱ्याची जवारी, समेपूर्वी घेतलेला श्वास, मींडेची शेवटची पुसट रेषा, हे सर्व निघून जाते. मग आलेला पोकळपणा झाकण्यासाठी वर कृत्रिम घुमारा चढवला जातो. मला खरखर पत्करते. खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी तबकडीवर ऐकून झपाटलेला गदगचा एक मुलगा १९३३ साली गुरूच्या शोधात घराबाहेर पडला आणि पुढे भीमसेन जोशी झाला; ती तबकडी काही कोणी धुऊनपुसून त्याच्या कानी घातलेली नव्हती.

तीन-साडेतीन मिनिटांच्या या गाण्यांना विस्ताराच्या अभावाचा दोष देणे मात्र मी केव्हाच सोडले. केसरबाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली, तीही साडेतीन मिनिटांचीच, आणि तिच्यात वाढवावे असे मला काही सापडत नाही. उलट आजच्या नव्या मुद्रणांना वेळेची मर्यादा नाही, तंबोरा यंत्राचा, तबला गायकाच्या ओठांशी आणून बसवलेला. तासाभराच्या रागात बढतीपेक्षा पुनरुक्तीच अधिक आढळते. सन्माननीय अपवाद आहेत, आणि ते आले की मी पेटी उघडायचीही विसरतो.

पुनःप्रकाशनाचे वेष्टन हाती आले, की गवयाच्या छायाचित्राखाली मी तपशील धुंडाळू लागतो: मूळ तबकडीचा क्रमांक, मुद्रणाचे साल, साथीदारांची नावे, कोणत्या गतीवर सूर कायम केला त्याची नोंद. बहुधा तेथे प्रशस्तीचे दोन परिच्छेद असतात आणि साथीदारांचा उल्लेखही नसतो. अशा वेळी मी अभिप्राय रोखून ठेवतो आणि प्रकाशकाला पत्र घालून आधी क्रमांक मागवतो.